अठरा सुया

गल्लीतले लोक त्यांना मास्तर म्हणत, पण ते शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. सात वर्षांत नजर हळूहळू विझत गेली होती आणि आता उजेड, सावल्या आणि रंगांचे ढोबळ ठिपके एवढंच शिल्लक होतं. ताठा मात्र शाबूत होता. मोडेन पण वाकणार नाही, असा स्वभाव. अपंगत्व भत्त्याचा अर्ज करा म्हणून बायकोने सहा महिने विनवलं, तेव्हा कुठे स्वारी सरकारी कार्यालयात यायला तयार झाली. तीही एका अटीवर.

"तिथे तू तोंड उघडायचं नाहीस. काय सांगायचं ते मी सांगेन."

"बरं," ती म्हणाली. भत्ता मिळाला तर दुकान चालू राहणार होतं, नाहीतर मशीन विकून घरी बसायची पाळी. आणि हा माणूस घरी बसला तर भिंतींचीही मापं घेत सुटेल, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

पहिल्या मजल्यावर तीन नंबरच्या टेबलाशी दोघं पोचली. मास्तरांचा हात बायकोच्या खांद्यावर होता. "हिला जिना चढवत नाही हो, म्हणून आधार देतोय," त्यांनी टेबलामागच्या अधिकारी बाईंना न विचारताच सांगून टाकलं. बायकोने ओठ आवळले. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण इथे ती उघडायलाच तर दोघं आली होती!

दोघं टेबलासमोरच्या खुर्च्यांवर बसली. डॉक्टरांचा दाखला फाइलला लागला होता. आता रोजच्या कामांबद्दलचे प्रश्न राहिले होते आणि त्यांच्या उत्तरांवर बाईंची शिफारस ठरणार होती.

"एकट्याने बाहेर जाता, काका?"

"जातो की. घर ते दुकान एकशे बारा पावलं."

"आणि शिवण?"

"चाळीस वर्षांचा हात आहे. त्याला डोळे कशाला लागतात?"

"मदतीला कोण असतं?"

"कोणी नाही."

'अडचण नाही'च्या चौकटीत बाईंच्या पेनाने एकेक खूण पडत होती. बायकोला समोरून कागद उलटा दिसत होता, पण खुणा मोजता येत होत्या. अर्ज नोकरीचा असता तर मास्तर उद्यापासून कामावर रुजू झाले असते.

तेवढ्यात टेबलावर टक् असा आवाज झाला. बाईंच्या बाहीचं बटण तुटून पडलं होतं. मास्तरांनी चाचपून ते उचललं, कॉलरच्या आत टोचलेली ओवलेली सुई काढली आणि म्हणाले, "हात पुढे करा." सहा टाक्यांत बटण पक्कं बसलं.

"कमाल आहे! तुम्हाला तर खरंच कुणाची गरज नाही," बाई म्हणाल्या. बायकोने कागदावरच्या खुणा पुन्हा मोजल्या.

मास्तर फुलले. "दुसरा हातही आणा. एक तुटलं की दुसरं मागे राहत नाही." पण सुईतला दोरा संपला होता. बाईंनी खणातून रीळ काढून दिलं. मास्तरांनी दोऱ्याचं टोक ओलं करून सुईच्या नेढ्याशी नेलं. चुकलं. पुन्हा नेलं, पुन्हा चुकलं. पाचव्या खेपेला दोऱ्याचं टोक पिंजारलं आणि सुई बोटात घुसली.

बायकोचा हात आपोआप उठला आणि अर्ध्यात थांबला. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. हेच तर बाईंना दिसायला हवं होतं, आणि दिसत होतं तर तिचं काळीज तुटत होतं.

मास्तरांनी मान न वळवता सुई-दोरा तिच्या बाजूला धरला. "ओव गं."

शब्द तोंडातून निघून गेला होता. तिने सुई ओवून परत दिली.

"रोज कोण ओवतं, काका?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी सुई बोटांत फिरवली. "सकाळी मी आंघोळीला गेलो की ही अठरा सुया ओवून ठेवते. आधी बारा असायच्या. लांब दोऱ्यांचा गुंता मला सुटेना, तेव्हा हिने दोरे आखूड केले आणि सुया वाढवल्या."

बायको बघतच राहिली. सात वर्षं न्हाणीघरातल्या पाण्याकडे कान लावून ती चोरासारखी सुया ओवत आली होती. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाहीतर मी आंघोळीला एवढा वेळ कशाला लावतो?"

'इतकं काय घासता!' म्हणून ती रोज त्यांना फैलावर घेत आली होती. तिला राग आला, हसू आलं, आणि डोळे भरले ते वेगळेच.

"बाई, ते 'कोणी नाही' खोडा," मास्तर म्हणाले. मग बायकोकडे तोंड करून, "बोल आता तू."

"एकशे बारा पावलं मी मागून चालते," ती बाईंना म्हणाली.

"तेही माहीत आहे. डावी चप्पल वाजते तुझी."

बाईंनी जुनं पान बाजूला ठेवून कोरं घेतलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारलं. या खेपेला दोघांनी मिळून उत्तरं दिली, एकमेकांना दुरुस्त करत. पान भरल्यावर बाई म्हणाल्या, "शिफारस मी आजच पाठवते. अडायचं काही कारण नाही." बायकोचा जीव भांड्यात पडला. मास्तरांनी तेवढ्यात दुसरं बटणही पक्कं केलं होतं.

जिन्याच्या तोंडाशी मास्तरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पायरी आली की सांग," ते म्हणाले.

"आली," ती म्हणाली.