बत्तीस अंशांवर

रोह्याच्या एका औषध कंपनीत सतरा वर्षं राबलेला इनक्युबेटर बोलतोय मी. दिसायला पांढरं लोखंडी कपाट, पण माझ्या पोटात कायम बत्तीस अंशांची ऊब. औषधात, पाण्यात किंवा माणसाच्या बोटांवर एखादा जिवाणू लपला असेल, तर माझ्या उबेत तो वाढतो आणि डोळ्यांना दिसू लागतो.

ठाण्याच्या कारखान्यात माझे पत्रे जुळले. टेम्पोतून येताना वडखळच्या खड्ड्यांत माझी एक बिजागरी वाकली, ती आजही करकरते.

मायक्रोबायोलॉजी लॅबच्या प्रमुख श्यामला मॅडम पेणच्या. दार उघडलं की पटकन लावायच्या. बाकीचे मात्र दार उघडं धरून जेवणाच्या डब्यात काय आहे ते एकमेकांना सांगत बसायचे, आणि माझी ऊब निघून जायची.

दोन वर्षांपूर्वी किमया आली. धरमतर खाडीकाठच्या मिठागरात काम करणाऱ्या घरातली, रोह्याजवळच वरशाला खोली घेऊन राहायची. एकदा हसत मॅडमना म्हणाली, "आई विचारते, जे दिसतच नाय ते दिवसभर काय शोधतेस गो?"

तिचं प्रोबेशन संपायला महिना असताना ती गोष्ट घडली. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बॅच तपासायला आली. किमयानं ते औषध पोषक द्रवाच्या बाटल्यांत घालून माझ्याकडे ठेवलं. चौदा दिवस द्रव नितळ राहिला, तरच औषध बाहेर जाणार होतं.

सातव्या दिवशी एक बाटली गढूळ झाली.

किमयानं ती उजेडात धरली. पुन्हा धरली. मग मॅडमना हाक मारली. थोड्या वेळात क्वालिटीचे मॅनेजर सुशील सर आले. वाईट माणूस नव्हे. पण दवाखाने माल मागत होते आणि वरून फोनवर फोन येत होते.

"किमया, टोपण उघडताना हात लागला असेल. तसं लिही, म्हणजे टेस्ट पुन्हा घेता येईल."

"नाय सर. हात नाय लागला."

"आठवून बघ. पुढच्या महिन्यात कन्फर्मेशन आहे ना तुझं?"

किमयानं समोरच्या नोंदवहीकडे पाहिलं. मॅडम जमिनीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता किमया पेन उचलणार.

तिनं माझं दार उघडलं. टेस्टच्या दिवशी हातमोज्यांची दहाही बोटं ज्यांच्यावर टेकवली होती, त्या पोषक थराच्या प्लेटी खालच्या फळीवर होत्या. तिनं त्या टेबलावर मांडल्या. एकीवरही जिवाणू वाढल्याचा ठिपका नव्हता.

"सर, माझ्या हातात असतं तर इथे दिसलं असतं. हे औषधातच हाय." "ऑपरेशन झालेल्या डोळ्यात जाणार हे. मी खोटं नाय लिहिणार."

मग मॅडमनी मान वर केली. "टेस्टच्या वेळी मी शेजारी उभी होते, सर. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. चूक झालेली नाही."

सरांनी एकेक प्लेट उचलून उजेडात धरली. मग त्यांनी बॅच थांबवल्याच्या कागदावर सही केली.

चार दिवसांनी कारण सापडलं. औषध भरायच्या खोलीत छताच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं आणि त्यात तोच जिवाणू होता. सगळी बॅच नष्ट केली. किमयाला कुणी शाबासकी दिली नाही. उलट प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवल्याचं पत्र आलं. ते वाचून तिनं माझ्या दाराला कपाळ टेकलं. माझ्याजवळ ऊब होती, तेवढी दिली.

ती कायम झाली, पण उशिरा. आता नव्या मुलींना तीच शिकवते. "गढूळ दिसली तर पहिल्यांदा लिहायचं. घाबरायचं नंतर," असं सांगते.

गेल्या महिन्यात स्क्रीनवाला नवा इनक्युबेटर आला. माझं बटण किमयानंच बंद केलं आणि मला आतून पुसून काढलं. उद्या मी पेणच्या एका कॉलेजात जाणार आहे.

तिथल्या मुलांनो, एवढंच मागणं आहे. माझा तापमानाचा आकडा हल्ली खरा नसतो, अर्धा अंश जास्त दाखवतो. किमयानं तसं लिहून दारावर चिकटवलंय. मी जुना दिसतो म्हणून रंग द्याल तर द्या, पण तेवढा कागद काढू नका.