हिरवं पाकीट आणि तेवीस नंबर

मशीनवरचं पाकीट मी खाल्लं, हे आधीच कबूल करून टाकते. भूक लागली होती!

शाळा सुटली की मी आईच्या लॅबमध्ये जाऊन बसते. तिथं पेशी तपासणाऱ्या मशीनच्या डोक्यावर नारळाच्या चवीच्या मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट असतं. मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवंच लागतं, पिवळं चालत नाही. आणि तारीख उलटलेलं ठेवलं तर मशीन बसलंच म्हणून समजा. आमच्या अख्ख्या ताइनान शहरात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मी पाकीट खाल्लं, नेमकं त्याच दिवशी आजोबांचं रक्त आलं होतं. त्यांच्या मानेला तीन गाठी आल्या होत्या. आजोबा त्यांना ‘माझी लिंबं’ म्हणायचे आणि माजाँग खेळायच्या अड्ड्यावर सगळ्यांना दाबून बघायला द्यायचे. रक्तातल्या ‘बी’ पेशींचा कॅन्सर आहे, एवढं ठरलं होतं. कुठला, ते ठरायचं होतं.

पेशींच्या अंगावर खुणा असतात, आमच्या शाळेच्या बिल्ल्यांसारख्या. आजोबांच्या पेशींवर पाच नंबर सापडला. म्हणजे मुख्य संशयित दोन: एक आळशी, वर्षानुवर्षं पडून राहणारा, दुसरा आडदांड. तेवीस नंबर असला तर बहुतेक आळशी. नसला तर...

“नाहीये,” हुङकाका म्हणाले. ते आईचे सीनियर. स्वतःच्या वडिलांचा रिपोर्ट आईनं करायचा नाही, म्हणून तो त्यांच्याकडे होता.

आईनं हातमोजे काढले आणि परत घातले.

हुङकाकांनी मशीनकडे पाहिलं. मग माझ्या ओठांवरच्या चुऱ्याकडे.

“पेइ-शान! पाकीट कुठंय?”

“...पोटात.”

“तरीच! पळ, नवं घेऊन ये!”

मी धावत जाऊन आणलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पाकीट नाकाला लावून तारीख वाचली. मग दिव्याखाली धरून पुन्हा वाचली.

मला हसूच आलं. “काका, खाऊची तारीख दोनदा बघताय! त्या तेवीस नंबर शोधणाऱ्या रसायनाच्या बाटलीची एकदा तरी बघितली का?”

“आगाऊ कार्टी!” आई ओरडली. आणि ओरडता ओरडताच तिनं फ्रिज उघडला.

बाटली कालच उघडलेली होती. तारीख मात्र दोन महिन्यांपूर्वीच उलटलेली.

कुणीच हसलं नाही. कालपासूनचे सगळे रिपोर्ट अडवले. नवी बाटली आली, आजोबांचं रक्त पुन्हा मशीनमध्ये गेलं. पडद्यावर ठिपक्यांचा ढग सरकला आणि तेवीसच्या घरात जाऊन बसला. मस्त, गच्च ढग! आई खुर्चीवर बसली ती उठेचना.

जनुकांची तपासणी बाकी होती. पुढे तिच्यातूनही आळशीच निघाला. डॉक्टर म्हणाले, सध्या औषध नको, दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

“म्हणजे मी आळशी,” आजोबा म्हणाले. “एवढंच ना? तुझ्या आजीनं हे फुकटात सांगितलं असतं.”

हुङकाका अजून म्हणतात, पाकिटामुळेच झालं. म्हणोत बिचारे. पण हल्ली ते बाटल्यासुद्धा नाकाला लावून वाचतात.