मधल्या शिवणीची चादर

"तिसरी चादर गेली," मी फोनवर माझ्या मैत्रिणीला, डॉटीला सांगितलं.

समोरचा डेल हाउक सकाळपासून घरातल्या चादरी गॅरेजमध्ये नेत होता. चादरींमागून मोठं पातेलं गेलं. पातेल्यामागून त्याच्या बायकोचा, ओपलचा, वॉकर गेला.

"घर विकतोय," डॉटी म्हणाली. "मुलीकडे जाणार बघ, ॲरिझोनाला."

"पातेलं घेऊन?"

"मग जाऊन बघ ना. नाहीतर तुला आज जेवण जायचं नाही."

खरंच गेलं नसतं. दुसऱ्याच्या घरात डोकवायची खोड मला पहिल्यापासूनच, आणि या वयात ती जाणार थोडीच. रिकाम्या हाताने चौकशी बरी दिसत नाही, म्हणून उरलेला ॲपल पाय झाकून घेतला आणि रस्ता ओलांडला.

डेलने जन्मभर पाण्याचे मीटर वाचले. गावातल्या प्रत्येक दारावर त्याने टकटक केली असेल, प्रत्येक कुत्र्याला तो नावाने ओळखायचा. बोलणं मात्र ओपलकडे होतं. ती दर ऑक्टोबरात जुन्या चादरींची भुतं करायची. अशी कडक खळ द्यायची की आत कोणी नसताना भूत पोर्चवर आपल्या पायांवर उभं. हॅलोवीनला सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागणारी मुलं आधी तिच्या दारात पळायची. फेब्रुवारीत ती गेली. यंदा ते घर अंधारात राहणार, हे सगळ्या गल्लीने धरून चाललं होतं. ज्या पोर्चवर दिवा नाही, सजावट नाही, तिथली घंटा वाजवायची नाही, असं आया पोरांना बजावूनच बाहेर काढतात.

गॅरेजमध्ये डेल कोपरापर्यंत चिकट झाला होता. शिडीच्या पायथ्याशी एक ओली चादर ढेपाळून पडली होती.

"डेल, हे काय मांडलंयस?"

"भुतं," तो मान वर न करता म्हणाला. "उभी राहत नाहीयेत."

मी पातेल्यात डोकावले. "उकळत्या पाण्यात पीठ टाकलंस ना?"

"मग कशात टाकायचं?"

"आधी गार पाण्यात कालवतात. आता या गाठी सूपमध्ये घाल, रात्रीचं जेवण होईल."

"ओपलने कधी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलंस?"

माझी जीभ ही अशी. मी ॲपल पाय बाजूला ठेवला, बाह्या सरसावल्या आणि नवी खळ शिजवायला घेतली. ती छान झाली, पण भूत काही उभं राहिना. शेवटी मी चादरीचं टोक बोटांत चोळून पाहिलं.

"अरे, हे पॉलिस्टर. यात खळ धरत नाही. ओपलच्या सुती चादरी कुठायत?"

"सगळ्यांची भुतं झाली, डोळे कापून, आणि मग चिंध्या. एकच उरलीय."

"मग आण की."

"बिछान्यावर आहे."

मी काही बोलायच्या आत तो घरात गेला. बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा चादर छातीशी धरलेली होती. तिच्या मधोमध लांबलचक शिवण होती. ती पाहिल्याबरोबर मला माझी आई आठवली. चादर मध्ये विरली की आमच्या आया ती उभी फाडायच्या, आणि कडेच्या धड बाजू मध्ये घेऊन जोडायच्या. मग आणखी दहा वर्षं बघायला नको.

"मागच्या हिवाळ्यात शिवली तिने," डेल म्हणाला. "मी म्हटलं, नवी आणू. म्हणे, कडा अजून कोऱ्या आहेत. मला ती शिवण टोचायची. रोज कुरकुर करायचो."

"आणि आता?"

"आता मधोमधच झोपतो."

"राहू दे रे डेल. मी दुकानातून फुगवायचं भूत आणून देते."

"फुगवायचं?" चप्पल पळवणाऱ्या कुत्र्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. "मार्जी, मी गावभर दारं वाजवली. आता माझं दार कोण वाजवतं? मुलगी फोन करते. फोन म्हणजे दार नव्हे."

आणि त्याने स्वतःच्या हाताने चादर खळीत बुडवली.

चादर टाकायला शिडी फारच उंच होती. मग आम्ही वॉकरला झाडूचा दांडा बांधला, वर रबरी चेंडू खोचला आणि चादर पांघरली. डोळे कापायला मी कात्री उचलली, तर त्याने मनगट धरलं. "कापायची नाही." शेवटी काळ्या कापडाचे दोन तुकडे टाचणीने लावले.

दुसऱ्या दिवशी भूत वाळून खडखडीत झालं. दांडा रात्रीत कलला असावा. भूत पुढे झुकलं होतं, खांदे पाडून, वॉकरवर भार टाकून.

"जरा वाकलंय," डेल म्हणाला.

"असू दे," मी म्हटलं.

हॅलोवीनच्या संध्याकाळी त्याने भूत पोर्चवर मांडून तिथला दिवा उजेड असतानाच लावला. मी माझ्या पायरीवर गोळ्यांचं भांडं घेऊन बसले, पण लक्ष सगळं समोर. पहिला घोळका आला आणि दिवा असूनही, यंदा तिथे जायचं नाही असं घरी सांगितल्यामुळे, त्याच्या फाटकावरून मुकाट पुढे गेला. दुसराही गेला. डेल जाळीच्या दारामागे उभा होता. मला तिकडे बघवेना.

मग मधमाशी झालेली एक चिमुरडी फाटकाशी थबकली.

"आई, मिसेस हाउक आल्यात."

"श्श," आई म्हणाली. "चल पुढे."

पण मधमाशी पायऱ्या चढूनही गेली होती. घंटा वाजली. डेलने दार इतक्या घाईने उघडलं की हातातलं चॉकलेटांचं भांडंच हिंदकळलं. पोरीने एक चॉकलेट उचललं आणि भुताला म्हणाली, "थँक्यू, मिसेस हाउक."

डेलने भांडं पुन्हा पुढे केलं. मग म्हणाला, "ती म्हणतेय, दोन घे."

त्यानंतर फाटक काही बंद झालं नाही. पुढे गेलेले घोळकेही परतले.

नोव्हेंबरात नदीवरून धुकं येऊ लागलं. लोकांची फुगवलेली भुतं गवतावर चपटी झाली. डेलने आतून वॉकर काढून घेतला होता, तरी त्याचं भूत काही दिवस आपलं आपण उभं होतं. मग दमटपणाने खळ सुटली आणि ते हळूहळू खाली बसलं. ऊन पडल्यावर त्याने चादर धुतली आणि बाजूच्या दोरीवर टाकली.

"काय दिसतंय?" डॉटीने फोनवर विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "चादर वाळतेय."

दुपार कलताना तो चिमटे काढायला आला. मोठ्या चादरीची घडी म्हणजे दोघांचं काम. मी माझ्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. त्याने मधली शिवण हनुवटीखाली धरली, दोन्ही हात लांब केले, कोपऱ्याला कोपरा जुळवला. एकदा चादर निसटली, ती जमिनीला लागायच्या आत त्याने झेलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.