घोडीच्या तोंडातून हद्दपार

मित्रांनो, मी घोड्याच्या लगामातली जुनी लोखंडी कडी आहे. पट्टे बाहेर मिरवतात, पण दातांमागच्या फटीत, जिभेवर बसून खरं काम करते ती मी. बावीस वर्षांत एकही घोडा माझ्या ताब्यातून सुटलेला नाही. म्हणजे तीन सुटले. त्यातला एक कुंपण गळ्यात घेऊन गेला, पण ते मी धरत नाही.

लोहारानं मला ठोकून घडवलं, मधे एक सांधा ठेवला आणि घोडेस्वारी शिकवणाऱ्या मास्तरांच्या हवाली केलं. मास्तर मला रोज चिंधीनं पुसायचे. पाहुण्यांना सांगायचे, "असली कडी आता मिळत नाही." मी इतकी लखलखायचे की मास्तर माझ्यात बघून मिशी कातरायचे. एकदा अर्धीच राहिली. त्याला मी काय करणार, मी गोल आहे.

मग ठिणगी ही घोडी आली. नाव ठिणगी, काळीज सशाचं. वाळत घातलेल्या टॉवेलला घाबरायची, बादलीला घाबरायची. स्वतःच्या शेपटीला घाबरून एकदा तबेल्यात उलटी शिरली. मी तोंडात गेले की मान आभाळाकडे, जीभ बाहेर, आणि उधळलीच. मास्तर लगाम ओढायचे, ती आणखी उधळायची, मास्तर आणखी ओढायचे. असे दोघं एकमेकांना घाबरवत गोल गोल फिरायचे.

शेवटी मास्तर टेकीला आले. वीटभट्टीच्या गाडीवाल्याला त्यांनी शब्द दिला, "रविवारपर्यंत सुधारली नाही तर घेऊन जा." भट्टीवर गेलेला घोडा परत आलेला कुणी पाहिला नव्हता. मास्तरांच्या लेकीनं ते ऐकलं. सायकल काढली आणि सरळ आत्याला घेऊन आली. आत्या जनावरांची डॉक्टर.

आत्यानं घोडीच्या तोंडात बोटं घातली. "दादा, हिच्या दाढांपुढे एक एवढासा दात आलाय. कडी रोज त्याच्यावर आपटते. तुझ्या दुखऱ्या दातावर कुणी लोखंड ठोकलं तर चालेल तुला?"

"माझ्या दातांची गोष्ट वेगळी."

"हो, तुझे ग्लासात असतात."

लेक तोंड फिरवून हसली. आत्यानं तो दात काढला आणि हात धुता धुता म्हणाली, "दात काढला, भीती मला काढता येत नाही. आता हिच्या तोंडात काही घालू नका. बिनकडीचा लगाम लावा, नाकाच्या हाडावर बसतो तो."

झालं. मी खुंटीवर.

मित्रांनो, इथे मी स्पष्टच बोलणार. मी आजवर कुणाला ओढलेलं नाही. मला हात नाहीत. हात पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि ते आता चहाचा कप धरून माझ्याकडे बोट दाखवत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मी मनोमन ठरवलं, रविवारी ही घोडी उधळणार आणि मास्तर माझे पाय धरणार. मला पायही नाहीत, पण धरणार.

आठवडाभर लेक नव्या लगामानं घोडीला पायीच फिरवत होती. रविवारी गाडीवाला दोर घेऊन कुंपणाला टेकला. मास्तर लेकीला म्हणाले, "सरक, मी बांधतो. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून बांधतोय." आणि जुन्या सवयीनं नाकपट्टा खाली, नाकपुड्यांवर, करकचून आवळला. घोडीला श्वास पुरेना. ती मागे सरकली, सरकतच राहिली, आणि लगाम न सोडणारे मास्तर पाण्याच्या हौदात बसले.

गाडीवाल्यानं दोर उलगडला. खुंटीवर मला गुदगुल्या होत होत्या.

"बाबा, पट्टा वर हाडावर हवा," लेक म्हणाली. "आणि आत दोन बोटं गेली पाहिजेत."

"जात होती."

"एक जात होतं. तेही आत जाऊन निळं पडलंय."

तिनं पट्टा वर घेतला, सैल केला, आणि स्वतः घोडीवर बसली. हात असे, जणू लगामाला झोप लागलीय आणि त्याला उठवायचं नाही. टॉवेलापाशी ठिणगी थबकली. लेकीनं ओढलं नाही, नुसती थांबली. ठिणगीनं टॉवेल हुंगला, मान खाली सोडली आणि चघळत चघळत पुढे निघाली. तोंडात काहीच नव्हतं. बावीस वर्षं मी तोंडातच राहिले, पण इतकं निवांत चघळणं मला कधी लाभलं नाही.

गाडीवाल्यानं दोर गुंडाळला. "मास्तर, घोडी ठेवा. भट्टीवर द्यायचंच असेल तर दुसरं कुणीतरी बघा," असं म्हणत त्यानं हौदातल्या मास्तरांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मी हरले म्हणाल तर म्हणा, मी म्हणणार नाही. मित्रांनो, कडी काढली म्हणून स्वतःची पाठ थोपटू नका. चामडंही नाक सोलतं. आधी आपले हात बघा, मग माझ्यासारख्या गरिबाला खुंटीवर टांगा. आणि टांगलंत तरी तेल लावा. गंजायला मी काही गुन्हा केलेला नाही.

लेकीनं मला फेकलं नाही. ठिणगीच्याच दाराला तारेनं अडकवून माझा अडसर केला. म्हणजे घोडी पुन्हा माझ्याच ताब्यात, हे मी इतर खोगिरांना आणि पट्ट्यांना दोन दिवस ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठिणगीनं दारावरून मान काढली, मला ओठांनी उचललं आणि बाजूला केलं. बाहेर मास्तरांची नवी स्कूटर उभी होती. घोडीनं सीट खाल्ली.