तिसरं डिझाईन

चौकट स्टुडिओत गिऱ्हाइकापुढे नेहमी तीन डिझाईन्स ठेवत. पहिलं खपवायचं, दुसरं त्याच्याच वळणाचं पण जरा फिकं, आणि तिसरं पाडायचं. तिसरं बघून गिऱ्हाइकाला वाटावं की वा, आपल्याला वाईट ओळखता येतं, आणि त्या खुशीत त्याने पहिल्यावर बोट ठेवावं. बाळकुमच्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, सलिलने या युक्तीवर नऊ वर्षं स्टुडिओ चालवला होता. सलिल बोलायला फार गोड. अशा गोड माणसांपासून देवाने सगळ्यांना वाचवावं.

तिसऱ्या डिझाईनची एकच अडचण होती. मुद्दाम वाईट काढलं की गिऱ्हाइकाला वास लागतो. ते जीव ओतूनच काढलेलं लागतं, आणि हे पडणार आहे असं ठाऊक असलेला माणूस जीव कशाला ओतेल? म्हणून सलिल दर वेळी नवा माणूस घ्यायचा, तीन महिन्यांच्या बोलीवर. "एक डिझाईन पास झालं की तू कायम," असं खांद्यावर हात ठेवून सांगायचा. मग त्या माणसाला वेळ सगळ्यात कमी द्यायचा, त्याचं काम साध्या कागदावर छापायचं आणि पहिलं डिझाईन काढणाऱ्या रसिकाचं जाड बोर्डावर चिकटवायचं.

रसिकाला हे सगळं माहीत होतं. चार वर्षांपूर्वी तीच तिसरी होती. कळलं त्या दिवशी ती बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन सलिलला म्हणाली, "मला पहिलं काढायला द्या. मी कुणाला काही सांगणार नाही." तेव्हापासून सलिलला तिचं भारी कौतुक. सासूने छळलेली सून पुढे मायाळू सासू होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी जग बघितलेलं नाही.

यंदाचा तिसरा होता सुदेश. एकतीस वर्षांचा, कल्याणचा. बारा वर्षं लग्नपत्रिकांच्या छापखान्यात काढली. लोक फोनवरूनच आमंत्रणं करायला लागले, छापखाना बंद पडला, आणि हा गडी आपला आपण कॉम्प्युटर शिकला. रसिकापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तरी तिला ताई म्हणायचा. कळव्याच्या श्रियाशी त्याचं जमलं होतं, पण तिचे वडील सीताराम म्हणजे व्यवहारी माणूस. नोकरी कायम झाल्याशिवाय साखरपुडा नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. हे सगळं सुदेशने रसिकाला डबा खाताना सांगितलं होतं. त्याची आई गोदूबाई ताईंसाठी म्हणून वेगळ्या आंबोळ्या द्यायची. रसिका त्या खायची. आंबोळ्या चांगल्या असायच्या.

अडीच महिन्यांत सुदेशची पाच डिझाईन्स पडली. प्रत्येक वेळी तो विचारायचा, "ताई, काय चुकलं?" आणि प्रत्येक वेळी रसिका काहीतरी खरं वाटेल असं सांगायची. तो वहीत लिहून घ्यायचा.

सहावं आणि शेवटचं काम आलं ते सुमतीबाईंचं. डोंबिवलीच्या निवृत्त शिक्षिका, वय बहात्तर. तीस वर्षं घरी भाजणी आणि मेतकूट करून विकलं, आता त्यांना छापील पाकिटं हवी होती. ठरल्या दिवशी बाई आल्या, पाणी प्यायल्या, चष्मा पुसला. सलिलने तिन्ही डिझाईन्स टेबलावर मांडली. रसिकाच्या बोर्डावर गोल आणि त्यात गव्हाची लोंबी होती. कुठल्याही पिठाला चालेल अशी लोंबी.

बाईंनी बोर्ड बाजूला सारला आणि साधा कागद उचलला.

"हा हात कोणी काढला?"

"मी, आजी," सुदेश उठूनच उभा राहिला. "आईचा बघून काढला. दळण बारीक झालं का ते बघताना ती असं चिमटीत धरते."

बाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "या हाताला काम माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मला हाच हवा."

सुदेशचे कान लाल झाले. सलिलने हसऱ्या तोंडाने रसिकाकडे पाहिलं. ती नजर रसिकाला चांगली वाचता येत होती. एकदा तिसरं पास झालं की सुदेश कायम, आणि कायम झालेला सुदेश उद्या पहिलं मागणार. आणि हा हात तिच्या लोंबीपेक्षा दसपट चांगला होता, हे टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. नुसती गप्प बसली असती तरी एका घराचं भलं झालं असतं. गप्प बसायला काही खर्च येत नाही.

"सुदेश," ती अगदी मायेने म्हणाली, "तू बारा वर्षं छापखान्यात होतास. शंभर ग्रॅमच्या पाकिटावर हा हात एवढाच येणार." तिने अंगठ्याचं नख दाखवलं. "छापून नीट उठेल? तूच सांग आजींना. खरं सांग."

हा माणूस छपाईच्या बाबतीत खोटं बोलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

सुदेशने कागद डोळ्यांशी नेला. "एवढा लहान केला तर बोटांच्या रेषा भरतील, आजी. शाई पसरते ना. हात कळणार नाही, डाग दिसेल." मग घाईघाईने म्हणाला, "पण रेषा जाड करतो ना मी! तासाभराचं काम आहे."

"जाड केल्या की हा हात राहणार नाही रे," रसिका म्हणाली. हे मात्र तद्दन खोटं होतं. "आणि आजी, पाकिटावर डाग दिसला की लोक पिठालाच नावं ठेवतात."

तीस वर्षांच्या पिठाचं नाव निघाल्यावर बाई बिचकल्या. कागद खाली ठेवला. "मुलगा खरं बोलला, हे मात्र आवडलं हो मला," असं म्हणून त्यांनी बोर्ड जवळ ओढला.

बाई गेल्यावर सलिल म्हणाला, "मस्त सांभाळलंस. उद्यापासून येऊ नको हे त्याला पण तूच सांग, तुझं ऐकतो तो."

तिने सांगितलं. सुदेशने मान हलवली. वही आणि स्टीलची पट्टी बॅगेत भरली. "तुम्ही विचारलंत ते बरं झालं, ताई. नाहीतर माझ्यापायी आजींची सगळी पाकिटं फुकट गेली असती." दारापर्यंत जाऊन तो परत आला. "श्रियाचे बाबा चौकशीला फोन करतील. मी तुमचा नंबर दिलाय. माझं काम तुमच्याएवढं कोणी बघितलंच नाही. जे खरं आहे तेच सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"मॅडम, कळव्यावरून सीताराम बोलतोय. तो सुदेश तुमच्याकडे होता ना? तो बोलतो, कामात खोट नव्हती. मग काढला कशाला? दारूबिरू काय?"

"नाही, तसलं काही नाही. माणूस सरळ आहे."

"मग?"

काचेपलीकडे सलिल एका नव्या मुलीशी बोलत होता. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. काम चांगलं होतं म्हणावं, तर पडलं का ते सांगावं लागणार. ते सांगितलं, तर स्टुडिओची युक्ती उघडी पडणार आणि आपली जागा जाणार. रसिकाने हा हिशेब क्षणात केला. तिला लाज वाटली, खरंच वाटली, पण लाजेने कुणाचं तोंड उघडलंय?

"तीन महिन्यांत त्याची सहा डिझाईन्स झाली," ती म्हणाली. "एकही पास झालं नाही."

"एक पण नाय?"

"एक पण नाही."

"उपकार झाले, मॅडम," सीताराम म्हणाले. "आजकाल असं स्पष्ट कोण सांगत नाय. पोरगी वाचली माझी."

संध्याकाळी सुदेशचा मेसेज आला. 'ताई, श्रियाच्या बाबांनी नकार कळवला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही माझ्यासाठी खूप बोलला असाल, मला माहीत आहे. आई तुम्हाला घरी जेवायला बोलावतेय.'