कातडीचं नाव

तूरिद आजीच्या कोठारात, डफ वाजवून आत्म्यांशी बोलणाऱ्या शमनांच्या वाटेवर चालू पाहणारी पाच-सहा माणसं गोल करून बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर स्वतःच्या हातानं मढवलेला डफ. गेल्या आठवड्यात ओली, सुरकुतलेली कातडी ताणली होती. आता ती वाळून टणटणीत झाली होती.

"घाई नको," आजी म्हणाली. "आधी कातडीला नाव विचारायचं. मनात येईल ते मोठ्यानं सांगायचं. नाव न घेता थाप मारली, तर डफ मुकाच राहतो."

इंगुनच्या डफाला घोड्याचं कातडं होतं. तिच्या पिशवीत गाजरं होती. इथून निघून ती थेट स्टेर्नाला भेटायला जाणार होती. लंगडू लागलेली ही घोडी धाकट्या भावानं, शुरनं, पलीकडच्या खोऱ्यातल्या एका कुटुंबाला दिली होती. "मजेत चरतेय गं ताई," तो सांगायचा. भेटायचं म्हटलं की मात्र कधी रस्ता बंद, कधी ती माणसं गावाला गेलेली. आज इंगुननं त्याचं काही ऐकलं नव्हतं.

तिनं डफ खिडकीसमोर धरला. ऊन आरपार आलं, आणि कातडीत एक पांढुरकी रेघ उमटली. वळून दोन फाटे फुटलेली, चिमणीच्या पावलासारखी.

काटेरी तारेनं स्टेर्नाला झालेली जखम. शुर टाके घालत असताना घोडीचं डोकं इंगुननंच छातीशी धरलं होतं.

"आजी, हे कातडं कुठून आणलंस?"

"खालच्या कत्तलखान्यातून. का गं?"

इंगुननं त्या रेघेवर बोट ठेवलं. तेवढ्यात दार ढकलून शुर आत आला.

"उरकलं का भुतांना बोलावणं? ताई, आज काही जमत नाही बघ, पुलावर..."

"इंगुन," आजी हळूच म्हणाली, "नाव आलं का मनात?"

"स्टेर्ना."

शुर जागीच थिजला. त्याचं लक्ष डफावर गेलं, मग त्या रेघेवर.

"ताई, पाय बरा होणार नव्हता. तुला सांगायचा धीरच झाला नाही."

इंगुनला रडू फुटेना. तिनं पिशवी उघडून गाजरं जमिनीवर ठेवली आणि डफ वाजवायची थापी त्याच्यापुढे धरली.

"मजेत चरतेय म्हणालास ना? मग पहिली थाप तूच मार. विचार तिला."

शुरनं थापी घेतली. हात वर गेला, पण खाली येईना.