साहेबांच्या हस्ते वजाबाकी

वालूरच्या रस्त्याला लागून एक गाव आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारची चार गावं रुसतील की असला तमाशा आमच्याकडंही झाला होता, मग आमचं नाव का नाही. आणि त्यांचं म्हणणं काही खोटं नसेल. तर या गावच्या प्राथमिक शाळेत राजेश्रीबाई तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग एकाच खोलीत शिकवायच्या. तिसरीचं तोंड फळ्याकडं, चौथीचं तोंड खिडकीकडं. एका वर्गाला पाढ्यांना बसवायचं आणि त्या गोंगाटात दुसऱ्याला कविता समजावायची, असा त्यांचा संसार चालला होता.

बाईंच्या जिवाला एकच घोर होता, हातच्याची वजाबाकी. तिसरीतली निम्मी पोरं वरचा आकडा खालचा आकडा बघायचीच नाहीत. जो मोठा दिसेल त्यातून लहान वजा करून मोकळी व्हायची. कुणाला दहाचा गठ्ठा सोडणंच कळलं नव्हतं, कुणाला शून्य दिसलं की घाम फुटायचा. कुणाचं घोडं नेमकं कुठं अडलंय हे शोधायचं तर एकेकाला जवळ घेऊन बसावं लागतं. त्यासाठी बाईंकडं शाळा सुटल्यावरचा एक जादा तास होता, आणि त्या तासाची परवानगी दरवर्षी तालुक्याहून विस्तार अधिकारी साहेबांच्या सहीनं यायची. वजाबाकी न येता ही पोरं चौथीत गेली की पुढं भागाकार त्यांना गिळून टाकणार, हे बाईंना पक्कं माहीत होतं, आणि त्या विचारानं त्यांचा जीव तुटायचा.

म्हणून आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, शाळांना संगणक मिळणार, त्यात गणिताचं सॉफ्टवेअर असणार, आणि ते निवडायचा मान यंदा आपल्या शाळेला आहे, असं मुख्याध्यापक बन्सीधर सरांनी जाहीर केलं तेव्हा बाई मनापासून हरखल्या. समितीत चौघं होते: विस्तार अधिकारी पंडितराव साहेब, बन्सीधर सर, शाळा समितीचे अध्यक्ष चंद्रभान आबा आणि राजेश्रीबाई. या चौघांपैकी एकाच्याही घरचं लेकरू या शाळेत नव्हतं. साहेबांचा नातू परभणीला इंग्रजी शाळेत, सरांच्या मुली सेलूला, आबांची नातवंडं पिवळ्या बसमधून जाणारी, आणि बाईंचं बाळ अजून पाळण्यात. निवड निःपक्षपाती होणार यात शंकाच नव्हती.

ठरलेल्या दिवशी पोरांना धुतलेले गणवेश घालून व्हरांड्यात बसवलं. सॉफ्टवेअर त्यांच्यासाठी होतं, पण खोलीत खुर्च्याच इतक्या मांडल्या होत्या की पोरांना जागा उरली नाही. त्यांच्याकडं स्वागतगीताचं काम होतं, ते त्यांनी दोनदा केलं. मग साहेबांना फेटा, शाल, नारळ. मग आबांना फेटा, कारण नाही बांधला तर ते पुढच्या ग्रामसभेत बोलले असते. मग सॉफ्टवेअर दाखवायला आलेल्या दोन कंपन्यांच्या दोन माणसांना टोप्या. प्रोजेक्टरलाही झेंडूचा हार घातला होता. तो काचेवर लोंबत होता आणि समोरच्या भिंतीवर घमेल्याएवढी झेंडूची सावली पडली होती. हार काढायचं धाडस कुणी केलं नाही, शेवटी कंपनीच्या माणसानंच तो हळूच बाजूला सरकवला.

पहिलं सॉफ्टवेअर होतं ‘अंकमित्र’. ते दाखवणारा माणूस बोलण्यात कच्चा होता, पण मुद्द्याचं बोलला. "एखाद्या मुलाला आत बोलवा. मी सांगण्यापेक्षा त्याला गणित सोडवू द्या, मग तुम्हालाच कळेल."

इथं राजेश्रीबाईंनी घोळ घातला. साहेब खोलीत असताना पहिला मान पोराला कसा द्यायचा? आपल्याकडं बोअरचं पहिलं पाणी साहेबांच्या हस्ते निघतं आणि शाळेतल्या नव्या हातपंपाचा पहिला दांडा साहेबांच्या हस्ते हलतो. बाई उठून नम्रपणे म्हणाल्या, "पहिलं गणित साहेबांच्या हस्ते व्हावं, अशी मी विनंती करते." टाळ्या पडल्या. आपण चांगल्या सॉफ्टवेअरच्या पायावर धोंडा पाडलाय, हे तोवर बाईंच्या ध्यानातही नव्हतं.

साहेब फेटा सावरत खुर्चीत बसले. भिंतीवर गणित आलं, चारशे तीनमधून एकशे अठ्ठावन्न वजा करा. साहेब एका हातानं फोटोसाठी शाल नीट करत होते, दुसऱ्या हातानं त्यांनी ऐटीत आकडे दाबले. तीनशे पंचावन्न.

भिंतीवरून एका बाईचा गोड आवाज आला, "इथं थोडी गडबड झाली. चला, सोपं करून पाहू." आणि नवं गणित आलं, बावन्नमधून सतरा वजा करा.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईनं पंचेचाळीस दाबलं.

"काळजी करू नका," आवाज मायेनं म्हणाला, "हा भाग दुसरीत शिकवतात. चला, आपण दुसरीत जाऊ या." भिंतीवर काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आल्या. "एक गठ्ठा सोडा बरं."

तालुक्याचे विस्तार अधिकारी फेट्यासकट दुसरीत जाऊन बसले होते. खोलीतले सगळे छताकडं बघू लागले. व्हरांड्यातली पोरं मात्र खिडकीच्या गजांना लोंबकळून बघत होती, आणि त्यांना सगळं दिसत होतं.

राजेश्रीबाईंना एकदम दोन गोष्टी झाल्या. साहेबांची फजिती बघून आता आपलं काही खरं नाही असं वाटलं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की तोंडातून ‘वा!’ निघून गेलं. जी अडचण एकेका पोरापाशी बसून हुडकायला त्यांना दिवाळीपासून संक्रांत उजाडायची, ती या यंत्रानं दोन गणितांत पकडली होती. साहेबांनी मान वळवून बाईंकडं असं पाहिलं की तो आनंद जागच्या जागी विझला.

बन्सीधर सर तीस वर्षं नोकरीत काढलेला माणूस. ते ताडकन उठले. "व्होल्टेज कमी हाय साहेब. आमच्याकडं दुपारचं असंच असतंय. त्यामुळं ते काहीबी दाखवायलंय."

"न्हाई तर काय," चंद्रभान आबांनी री ओढली. "यंत्र नवं हाय. मानूस वळखायला त्येला टाइम लागनारच की."

कंपनीच्या माणसानं व्होल्टेजचा आणि वजाबाकीचा काही संबंध नसतो असं सांगायचा प्रयत्न केला. त्याला चहा प्यायला बाहेर पाठवण्यात आलं.

दुसरं सॉफ्टवेअर होतं ‘बालबृहस्पती’. ते घेऊन आलेला माणूस आधी साहेबांच्या पाया पडला, मग लॅपटॉप उघडला. तोही एखाद्या मुलाला बोलवा म्हणाला असता, पण चहाला गेलेल्याची गत त्यानं पाहिली होती. साहेबांनी बजावलं, "तेच गणित लावा." चारशे तीन वजा एकशे अठ्ठावन्न. साहेबांनी मुद्दाम तेच उत्तर दाबलं, तीनशे पंचावन्न. कपाळाला आठ्या घालून ते भिंतीकडं बघत राहिले.

भिंतीवर फटाके फुटले. हत्ती नाचला. तुतारी वाजली. ‘शाब्बास! तुम्ही तर गणिताचे बृहस्पती!’ असं म्हणून यंत्रानं सोन्याचा मुकुट दाखवला, आणि तो मुकुट नेमका साहेबांच्या फेट्यावर पडला.

"बघितलं?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "मी म्हणत होतो ना! माझं उत्तर बरोबरच होतं. पहिलंच यंत्र फॉल्टी."

सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. आबांनीही हौसेनं एक गणित केलं. त्यांनी वजाबाकीला बेरजेचं उत्तर दिलं, आणि हत्ती त्यांच्यासाठीही तितक्याच प्रेमानं नाचला. बाईंनी डोळे विस्फारून पाहिलं. चूक असो की बरोबर, हत्तीला काही फरकच पडत नव्हता.

मग निवडीच्या कागदावर सह्या सुरू झाल्या. तिघांच्या झाल्यावर कागद बाईंपुढं आला.

"सर," बाई हळूच म्हणाल्या, "त्याचं उत्तर दोनशे पंचेचाळीस येतं."

बन्सीधर सर कानाशी वाकले. "येऊ द्या की. तुमच्या जादा तासाचा कागद सायबांच्या बॅगेत हाय. तास पायजे का दोनशे पंचेचाळीस पायजे?"

बाईंना तास पाहिजे होता. आपला तास चालू राहिला तर हत्ती नाचेना का बापडा, आपण पोरांना शिकवूच, असा हिशेब त्यांनी मनाशी केला आणि सही केली. निवड सर्वानुमते झाली. साहेबांनी जाताना जादा तासाच्या कागदावर तिथंच, जीपच्या बॉनेटवर ठेवून, लफ्फेदार सही ठोकली.

पुढचे दोन महिने शाळा फटाक्यांनी दणाणून गेली. सगळी पोरं बृहस्पती झाली. पालकांच्या फोनवर रोज संध्याकाळी मुकुट घातलेल्या लेकराचा फोटो जायचा. शंभर टक्के पोरं प्रगत म्हणून साहेबांनी शाळेचं अभिनंदन केलं. बाईंच्या जादा तासाला मात्र एकेक पोरगं कमी होत गेलं. मुकुट घातलेल्या पोराला कच्च्यांच्या तासाला कोण बसवील? बाई घरोघर जाऊन विनवण्या करायच्या, आणि घरोघर त्यांना फोनवरचा मुकुट दाखवला जायचा. बाई संतापायच्या, पण रागवायचं कुणावर, कागदावर चौथी सही त्यांचीच होती.

शेवटी तासाला एकटी रुख्मिणी उरली. तिलाही न्यायला एक दिवस तिची आई मनकर्णा आली. कापूस वेचून थेट शाळेत आलेली, डोक्यावरच्या फडक्याला बोंडाची कसपटं चिकटलेली. बन्सीधर सर दारातच उभे होते.

"बाई, पोरीला नेते मी," मनकर्णा म्हणाली. "मशीनमधी पैली आलीया ती. म्या गल्लीत साखर वाटली. अन् तुमी तिला ढ पोरांच्या तासाला बसवून घ्यायलाव. लोक काय म्हनतील?"

"दोन मिनिटं बसा," बाई म्हणाल्या. त्यांनी पाटीवर बत्तीस वजा सतरा लिहिलं. रुख्मिणीनं झटक्यात पंचवीस लिहिलं आणि मान वर करून ती टाळ्यांची वाट बघू लागली. बाईंनी बत्तीस चिंचोके तिच्यापुढं मोजून ठेवले. सतरा बाजूला काढायला लावले. उरलेले पोरीनं बोट लावून मोजले. पंधरा.

रुख्मिणीनं पाटीकडं पाहिलं, चिंचोक्यांकडं पाहिलं. पुन्हा मोजले. मग ती खात्रीनं म्हणाली, "बाई, चिंचोके चुकले."

मनकर्णा खाली बसली. तिनं स्वतः चिंचोके एकेक करून मोजले.

"मंजी मशीन खोटं बोलतंय?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मंग आनलं कुनी?"

दारातले सर खाकरले. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. "आम्ही आणलं. खोटं आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी सही केली."

मनकर्णानं बाईंकडं असं पाहिलं की त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रुख्मिणीचा चेहरा रडवेला झाला होता. "मंग मी हुशार न्हाई का?" तिनं विचारलं.

"हायेस की बाळा, लय हुशार हायेस तू!" बन्सीधर सर दारातून घाईघाईनं म्हणाले.

"तुमी गप बसा सर," मनकर्णा म्हणाली. तिनं पोरीच्या खांद्यावरचं दप्तर काढून खाली ठेवलं, फडकं सोडून मांडीवर घेतलं आणि भिंतीला टेकून बसली.

"शिकवा, बाई. मी हितंच बसते."